बदाम शोधायचं मशीन

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे काही केलं ते ऐकून कुणाला तसं वाटणार नाही.

तलवाड्याच्या बाजूला आमचं थोडं रान आहे. दर वर्षी कापूस असतो. आई सत्तरीच्या पुढं गेली तरी घरी बसत नाही, वेचणीला जातेच. तिच्याबरोबर एक मावशी असायच्या. आमच्या नात्यातल्या नव्हेत, पण माझ्या लग्नाआधीपासून त्या आमच्या रानात कापूस वेचतात, म्हणून मी मावशी म्हणतो आणि त्या मला गुर्जी म्हणतात. पूर्वी त्या कोयता घेऊन ऊसतोडीला जायच्या. गुडघे गेले तेव्हा त्यांनी ते सोडलं आणि वेचणीवर भागवू लागल्या. आई आणि त्या एकाच फडक्यातली भाकरी खायच्या. बोलायला लागल्या की कापूस कमी आणि गावाच्या उखाळ्यापाखाळ्या जास्त निघायच्या.

गेल्या दिवाळीनंतर दुसऱ्या वेचणीला आईचा बदाम हरवला. बदाम म्हणजे सोन्याचा, पानाच्या आकाराचा, काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालतात तो. आईला तिच्या आईनं दिलेला. आत लाख भरलेली आणि वरून सोन्याचा पत्रा. त्या दिवशी दोरा तुटला म्हणून आईनं बदाम दोऱ्यासकट पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि वेचत राहिली. संध्याकाळी घरी आल्यावर गाठ सुटलेली आणि पदर रिकामा.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळं घर रानात नेलं, मावशीही आल्या. ओळी धुंडाळल्या, कापसाचं बोद, म्हणजे मोठं पोतं, उपसून काढलं. काही नाही. त्या रात्री जेवताना आई एवढंच म्हणाली, "त्या दिशी आमी दोगीच व्हतो रानात."

कुणावर आरोप करायचा झाला तर आमच्याकडे तो असा करतात. चोर हा शब्द कुणीच तोंडातून काढला नाही. आई ते वाक्य घरात बोलली, मग पिठाच्या गिरणीत बोलली असणार, आणि आठवड्याभरात ते गावभर झालं. तिसऱ्या वेचणीला आईनं दुसऱ्या बायका कामाला सांगितल्या. मग बाकीच्यांनीही मावशींना सांगायचं बंद केलं. ज्या बाईवर शंका आहे तिला आपल्या रानात कशाला, एवढा साधा हिशेब.

एका सकाळी मावशी आमच्या दारात आल्या. ओट्यावर बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. आईकडे बघून म्हणाल्या, "लिंबाखाली नीट बघा, बाई. वटी रिकामी करताना तुमी पदर झटकला व्हता. मी बघितलंय. तितंच पडला आसंल."

वेचताना बायका कमरेला कापड बांधतात, त्याला आमच्याकडे वटी म्हणतात. ती भरली की बांधावरच्या कडुलिंबाखाली अंथरलेल्या पालावर रिकामी करायची. दिवसातून दहा-बारा वेळा तरी तिथं जाणं होतं.

आई म्हणाली, "तितं तर आपुन दोगीनी बघितलं की."

"मग मी भंडारा उचलते," मावशी म्हणाल्या. "चंपाषष्ठीला. गावासमोर."

बेल-भंडारा उचलणं म्हणजे खंडोबाच्या पायरीवर उभं राहून, बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन, मी हे केलेलं नाही असं सांगणं. खोटं बोललं तर देव बघून घेतो अशी समजूत आहे. एकदा भंडारा उचलला की गावानं तो विषय काढायचा नाही. आमच्या गावात मी हे दोनदाच पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा उचलणाऱ्या माणसाचं तोंड मला पुढं कित्येक दिवस आठवत राहिलं होतं. साठीच्या बाईनं आमच्या एका दागिन्यापायी तिथं उभं राहायचं, ही कल्पनाच मला सहन होईना.

मी म्हणालो, "मावशी, थांबा. तशी वेळ येणार नाही. चंपाषष्ठीला तीन आठवडे आहेत. मी मशीन आणतो. जमिनीतलं सोनं दाखवणारं मशीन असतं."

मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि त्या निघून गेल्या. मला वाटलं, बाईला धीर आला. मी मनातल्या मनात स्वतःवर खूश होतो.

आता मशीन आणायचं म्हणजे काय करायचं? मी मोबाइल उघडला. दोन दिवस त्यातच गेले. एका व्हिडिओत गॉगल घातलेला माणूस जंगलात मशीन फिरवतो, ते वाजतं, आणि तो खड्ड्यातून सोन्याची मूर्ती काढतो. मूर्तीवर मातीचा कण नाही. दुसऱ्यात एकाच्या हातात दोन पितळी दांड्या होत्या, त्या म्हणे एक किलोमीटरवरचं सोनं ओळखतात. मी त्याला फोन लावला. विचारलं की हे कोणत्या तत्त्वावर चालतं. तो म्हणाला, "सर, सोन्याची लहर असते." मी म्हणालो, कसली लहर? तो म्हणाला, "तुम्हाला हंडा पाहिजे की लेक्चर पाहिजे?" मी फोन ठेवला. मला हंडा नको होता, हे त्याला सांगायचंच राहून गेलं.

मग मी घरबसल्या एक स्वस्तातलं मशीन मागवलं. हिरवं प्लॅस्टिक, वर काटा आणि एक गोल बटण. ते यायला सहा दिवस लागले. सुरू केलं तर ते अंगणात वाजलं, ओट्यावर वाजलं, हवेत धरलं तरी वाजलं. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, ते काढलं. पट्ट्याचं बक्कल होतं, पट्टा काढला. एका हातानं पँट धरून मी अंगणात मशीन फिरवतोय आणि ते कोकलतंच आहे, हे दृश्य शेजारच्या तीन घरांनी उभं राहून बघितलं. रानात नेलं तेव्हा काटा एका बाजूला जाऊन बसला तो परत आलाच नाही. परत पाठवायच्या भानगडीत आणखी दोन दिवस गेले.

शाळेतला एक सहकारी, माझा लहानपणापासूनचा दोस्त, म्हणाला, "कशाला डोकं लावतो बे? बाईला उचलू दे भंडारा. मोकळं होईल सगळं." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

शेवटी पुण्याच्या एका गृहस्थांचा पत्ता लागला. ते हौसेखातर नदीकाठी, मैदानात असलं मशीन फिरवतात आणि त्यांच्याकडे एक जुनं विकायला होतं. माझा पगार किती आणि मशीनची किंमत किती, हे मी घरी सांगितलं नाही. ते फोनवर फार शांतपणे बोलायचे, आणि माझा जीव वर-खाली होत असताना तो शांतपणा मला छळायचा.

"तुमची जमीन कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"काळी."

"मग त्रास होणार. काळी माती बेसॉल्टची असते, तिच्यात लोहाचे कण असतात. मशीनला सगळी जमीनच धातू वाटते. आधी त्याला तुमची माती ओळखायला शिकवा."

हे मला माहीत असायला हवं होतं. दख्खनचा पाषाण कसा तयार झाला हे मी दर वर्षी फळ्यावर काढतो. पण फळ्यावरचा बेसॉल्ट वाजत नाही.

मशीन आलं तेव्हा चंपाषष्ठीला नऊ दिवस उरले होते. लांब दांडा, खाली ताटाएवढी गोल चकती, वर पडदा. पडद्यावर आकडे येतात. लोखंडाला छोटा आकडा आणि घोगरा आवाज, तांब्या-चांदीला मोठा आकडा आणि बारीक आवाज. माती ओळखायला शिकवायचं म्हणजे स्वच्छ जागा बघून चकती जमिनीजवळ वर-खाली करत राहायची, आवाज शांत होईपर्यंत. स्वच्छ जागा म्हणजे जिथं खाली धातू नाही अशी. आमच्या रानात ती शोधण्यात मी अख्खी एक सकाळ घालवली. आमच्या रानात स्वच्छ जागा नाही.

काय काय निघालं ते सांगतो. बैलांच्या पायाच्या झिजलेल्या पत्र्या. नांगराच्या फाळाचं टोक. ट्रॅक्टरचे नट. मोटारीच्या केबलचे तुकडे. चुन्याची डबी, झाकणासकट. दहा पैशांचं एक नाणं, ते बघून मी पाच मिनिटं हरखलो होतो. आणि दगड. काही काळे दगड असे होते की मशीन त्यांना अगदी आदरानं नमस्कार करायचं. खोदलं की दगड, बाजूला टाकला की पुन्हा वाजणार, म्हणजे तो दगडच.

वर कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या. चकती जमिनीला समांतर धरून सावकाश झाडू मारल्यासारखी फिरवायची असते. इथं दर हाताला एक झाड. चकती फांदीत अडकायची, मी ओढायचो, बोंडं गळायची. आई बांधावरून ओरडायची, "कापूस कावून पाडतो? बदामापायी वेचणी घालवतो का?"

लोक येऊन बसू लागले. एक जण मोटारसायकल थांबवून म्हणाला, "सर, आमच्या आज्यानं निजामाचे रुपये पुरलेत गोठ्यात. एक राउंड तितं बी मारा." गावातल्या एका पुढाऱ्यानं निरोप पाठवला की काही लागलं तर आधी त्यांच्या कानावर घालावं, पुढचं ते सांभाळून घेतील. बदाम शोधतोय म्हणून सांगितलं तर सगळे समजूतदारपणे मान हलवायचे, आणि त्या हलवण्यातून दिसायचं की यांचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. मी चिडायचो. खरं सांगतोय तरी लोक ऐकत नाहीत, म्हणजे काय? तेव्हा मला ते दुसऱ्या कुणाशी जोडून बघावंसं वाटलं नाही.

शाळा सुटली की मी रानात. लिंबाखालची जागा मी राखून ठेवली होती. आधी ओळी उरकू, मग मावशी म्हणतात ती जागा निवांत, नीट बघू. सहाव्या दिवशी तिथं गेलो आणि मशीन वेडं झालं.

लिंबाखाली पाण्याची टाकी आहे. फवारणीचा पंप तिथंच भरतात. औषधाच्या बाटलीचं झाकण उघडलं की आत तोंडाला चिकटवलेली चंदेरी चकती असते. गडी ती दातानं नाहीतर विळ्याच्या टोकानं उचकटतो आणि फेकतो. दर फवारणीला दोन-चार बाटल्या, आणि एका हंगामात सात-आठ फवारण्या. असे किती हंगाम. शिवाय कापूस भरायला टेम्पो येतो तोही तिथंच लागतो, आणि त्यावरची माणसं गुटख्याच्या पुड्या तिथंच टाकतात. राज्यात बंदी असलेला गुटखा आमच्या लिंबाखाली थरावर थर आहे.

टिंग. खोदलं, चकती. टिंग. खोदलं, चकती. टिंग. पुडी. पहिल्या दिवशी मी त्रेचाळीस वेळा खुरपं घातलं आणि त्रेचाळीस वेळा चंदेरी कचरा काढला. गुडघे दुखले, बोटं सोलली, अंधार पडला. बाभळीचा काटा पायात मोडला तो निराळाच.

पुण्याला फोन केला. ते म्हणाले, "तो अ‍ॅल्युमिनियमचा कचरा साधारण एकाच आकड्यावर येतोय का?"

"चाळीस ते पन्नासच्या मधे."

"तेवढे आकडे गप्प करता येतात. तशी सोय आहे. पण आधी तुमच्या बदामासारखी दुसरी वस्तू मशीनखाली धरून बघा, तिचा आकडा काय येतो ते. मग ठरवा."

मी आईला म्हणालो, तुझी कानातली फुलं दे, जरा मातीत ठेवून बघतो. आईनं दोन्ही हात कानांवर ठेवले. "एक मातीत गेलं ते लई झालं," म्हणाली. बायकोकडे मागायचं धाडस मला झालं नाही. मग मी खिशातली नाणी मशीनखाली धरली. मोठे आकडे आले. चांदीचं निरांजन धरलं. त्याहून मोठा आकडा. तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकानं असा निष्कर्ष काढला की सोनं तर चांदीच्याही वरचं, त्याचा आकडा खाली कशाला असेल? चाळीस ते पन्नास मी गप्प करून टाकले.

काय शांतता झाली. लिंबाखाली मी चकती फिरवतोय आणि मशीन एखाद्या सभ्य माणसासारखं वागतंय. एकदा खिळा, एकदा नट, बाकी काही नाही. मी ती जागा उभी फिरलो, आडवी फिरलो. शेवटच्या तीन दिवसांत वीस वेळा तरी फिरलो असेन. आणि दर वेळी मला जास्त खात्री होत गेली की इथं काही नाही.

ती खात्री पुढं कुठं गेली, तेही सांगायला हवं. इथं नाही, तर मग कुठं? हा प्रश्न मनात आला की त्याच्या मागोमाग आईचं वाक्य यायचं. मी ते झटकून टाकायचो. पण ते यायचं.

चंपाषष्ठीच्या सकाळीही मी रानात होतो. तिथून तसाच देवळात गेलो. गर्दी होती, भरीत-रोडग्याचा वास होता. मावशी धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. पायरी चढताना गुडघ्यावर हात ठेवून थांबल्या, मग पुन्हा चढल्या. पुजाऱ्यानं बेल आणि भंडारा हातात दिला. त्यांनी आईकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. माझ्या नखांत लिंबाखालची माती होती.

"मी बदाम बघितला न्हाई, घेतला न्हाई," त्या म्हणाल्या. "घेतला आसंल तर मपल्या लेकराबाळाला भोवंल." आवाज चढा नव्हता. भंडारा कपाळाला लावून त्या खाली उतरल्या आणि गर्दीनं त्यांना वाट दिली.

रिवाजाप्रमाणे विषय संपला. आईनं चार दिवसांनी त्यांना वेचणीचं सांगणं धाडलं. निरोप घेऊन गेलेली बाई परत आली. मावशी घरी नव्हत्या. लेक आणि सून माजलगावकडं उसाच्या फडावर निघाले होते, त्यांच्याबरोबर त्याही गेल्या. त्या गुडघ्यांनी.

मी मशीन कपाटावर टाकलं. त्याच्याकडे बघितलं तरी मला राग यायचा. पुणेवाल्याचा, हिरव्या प्लॅस्टिकचा, बेसॉल्टचा, गुटखा खाणाऱ्यांचा. आईचा तर होताच.

माघ महिन्यात पऱ्हाट्या उपटून झाल्या. रान मोकळं पडलं. मी ठरवलं की मशीन विकून टाकायचं, आणि पुण्याच्या गृहस्थांना फोन केला, कुणी घेणारा असला तर सांगा म्हणून. त्यांनी सहज विचारलं, "सापडला का हो तो दागिना?"

"नाही. आत लाख होती, फार जड नव्हता. वाहून गेला असेल."

"लाखेचा? म्हणजे वरून पातळ पत्रा?"

"हो."

"पातळ पत्र्याचं सोनं मशीनला फॉइलसारखंच वाटतं. तुम्ही आकडे गप्प केले त्याआधी तपासलं होतं ना?"

मी काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. मला स्वतःच्या दोन कानफटात माराव्यात असं वाटत होतं. धातूच्या जाडीनं आणि आकारानं आकडा बदलतो, किमतीनं नाही. हे आठवीतल्या पोरानं मला विचारलं असतं तर मी त्याला समजावून सांगितलं असतं.

रविवारी रानात गेलो. गप्प केलेले आकडे पुन्हा बोलते केले. या खेपेला ठरवलं होतं की जे वाजेल ते काढायचं. लिंबाच्या बुंध्यापासून सुरुवात केली. चकती, चकती, पुडी, चकती. मी मोजणं सोडून दिलं. काढलेलं सगळं बादलीत टाकत गेलो. एक रविवार गेला. दुसऱ्या रविवारी, उन्हं चढल्यावर, पाल अंथरायच्या जागेच्या कडेला पुन्हा तसाच आवाज आला. आकडा शेहेचाळीस. मी कंटाळून खुरपं घातलं. चार बोटं खाली मातीच्या ढेकळात काळा दोरा दिसला.

बदाम थोडा चेपला होता. लाख फुटली नव्हती. मी खाली बसलो आणि मला रडू आलं. आनंदाचं नव्हतं ते. ही जागा मावशींनी दारात उभं राहून सांगितली होती. याच्यावरून मी वीस वेळा मशीन फिरवलं होतं, आणि माझ्याच सांगण्यावरून ते गप्प राहिलं होतं.

घरी येऊन आईच्या हातावर ठेवला. तिनं पदरानं पुसला, डोळ्यांना लावला. मग विचारलं, "कुटं?"

"लिंबाखाली."

आई बदाम मुठीत धरून बसून राहिली. मग म्हणाली, "तिला सांग जाऊन."

"तू चल की बरोबर."

"मपले पाय दुखत्यात," आई म्हणाली.

मी एकटाच गेलो. माजलगावच्या पुढं विचारत विचारत फड गाठला. बदाम आईकडून मागून घेतला होता, मावशींना प्रत्यक्ष दाखवावा म्हणून. त्या वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होत्या, खाली बसून, एक पाय लांब करून. मला बघून उठायला लागल्या, मी नको म्हणालो. त्यांच्यासमोर रुमाल उघडला.

"मावशी, सापडला. तुम्ही सांगितलं होतं तिथंच. लिंबाखाली."

त्यांनी बदामाकडे एकदा बघितलं. हात लावला नाही. "बरं झालं," म्हणाल्या. "बाईचा जीव व्हता त्याच्यात."

मला आणखी काही हवं होतं. मी बोलतच राहिलो. मशीन कसं आणलं, मातीत किती कचरा होता, आकडे कसे चुकले, दोन रविवार कसा गुडघ्यावर बसून खोदत होतो. म्हणालो, "मला तर पहिल्यापासून माहीत होतं, मावशी. तुम्ही घेतला नाही याची मला खात्रीच होती. तुमच्यासाठीच तर मशीन आणलं."

त्यांनी पेंढीला वाढ्याचा पिळा घातला, आवळला, आणि ती बाजूला टाकली.

"खात्री व्हती," त्या म्हणाल्या, "तर मंग मशीन कावून आणली, गुर्जी? बाईला सांगायचं व्हतं की."

रागानं नाही, खरंच विचारावं तसं विचारलं त्यांनी. आणि मी सांगतो म्हणून वर बघत थांबल्या. फडात पलीकडे कोयते चालू होते. मी रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग त्यांनी पुढची पेंढी ओढून घेतली.